लक्षणं काही बरी नाहीत

प्रिय आत्या,

पत्रास कारण शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू तेवढंच वाचशील आणि उरलेलं पत्र घडी घालून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवशील. तुझी ही सवय होती, असं आईच्या तोंडून एकदा निसटलं होतं. तिच्या तोंडून तुझ्याबद्दल जे येतं ते निसटलेलंच असतं, म्हणून मी ते जपून ठेवते. मी खारूताई. हे नाव तूच ठेवलंस, आठवतंय का? तू मला खांद्यावर बसवून दुकानाच्या पाटीला हात लावू द्यायचीस आणि मग मी खाली उतरायला तयार नसायचे. आता विशीत आलेय. उंची तुझ्यावर गेलीय म्हणतात. डोकं कुणावर गेलंय ते अजून कुणाला कळलेलं नाही, मला तर मुळीच नाही. हे सगळं पत्र गोंधळाचं आहे, तेव्हा जरा सैलावून बस.

दुकान तू सोडून गेलीस तसंच आहे. बाबा अजूनही खिळे ओठांत धरून सोफ्याचं कापड ठोकतात, त्यामुळे सकाळभर त्यांचं बोलणं म्हणजे हं आणि उंहूं. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मुद्दाम आणखी खिळे तोंडात टाकतात आणि घासाघीस आईच्या गळ्यात पडते. मी मशीनवर कव्हरं शिवते. कडेला दोरी भरून सरळ शिलाई मारणं मला चांगलं जमतं. बाबा एकदा खिळे काढून म्हणाले, की असा हात या घरात आधी एकीचाच होता, आणि लगेच खिळे पुन्हा आत. मागचं गोदामही तेच आहे, तेच लोखंडी दार आणि उंचावरची तीच जाळीची खिडकी. पौर्णिमेला आई दुपारीच आवराआवर सुरू करते, बाबा गिऱ्हाइकाने टाकून दिलेला एखादा सोफा आत ओढतात, सूर्य कलला की आई बाहेरून कडी लावते आणि रेडिओ मोठा करते. सकाळी दार उघडावं तर सोफ्याचा नुसता सांगाडा आणि स्प्रिंगांच्या मधोमध बाबा घोरत पडलेले. आईचं म्हणणं तुला ठाऊकच असेल: इतर बायकांचे नवरे रोज पिऊन धिंगाणा घालतात, माझा महिन्यातून एकदा घालतो, तोही तारीख सांगून. चौकटीवर तुझ्या दातांच्या खुणा अजून आहेत. आईने त्यांवर रंग दिला, पण बोट फिरवलं की लागतात.

तर आता माझं. आपल्या घरात ते आलंच तर विशीच्या आसपास येतं आणि येण्याआधी लक्षणं दिसतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. लोक घरोघरी गोवर-कांजिण्यांची लक्षणं सांगतात ना, तितक्याच सहज. जेवणावरची वासना उडते. झोप लागत नाही. नाक तिखट होतं, कान लांबचं ऐकू लागतात. उगाच छाती धडधडते, मानेमागे तापतं, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, नाहीतर कुणाला तरी ओरबाडावंसं वाटतं. मला हे सगळं एकदमच सुरू झालं. ताटात तसंच राहिलेलं जेवण बघून आई बाबांना म्हणाली, पोरीची लक्षणं काही बरी नाहीत हं. बाबांनी तोंडातले सगळे खिळे हातावर काढले, यावरून काय ते समज.

मग अशी तयारी झाली म्हणतेस! आईने स्वतःचा जुना सैल गाऊन दिला, फाटला तरी जिवाला लागणार नाही असा. बाबांनी माझ्यासाठी एका निवृत्त न्यायाधीशांचा सोफा राखून ठेवला, खऱ्या चामड्याचा. पहिल्या वेळी चांगलं काहीतरी असावं म्हणाले. नव्याला आणि जुन्याला एका खोलीत कोंडायचं नाही हा आजोबांचा नियम, म्हणून बाबा गोदामात आणि मी शेजारच्या काथ्याच्या खोलीत. मी न्यायाधीशांच्या सोफ्यावर हात जोडून, गाऊन सावरून बसले. पलीकडे बाबांचं सुरू झालेलं ऐकू येत होतं. आई दाराबाहेरून अधूनमधून विचारायची, आलं का गं? आणि मी म्हणायचे, अजून नाही. ते आलंच नाही. सकाळी आईने दार उघडलं आणि मला अख्खीच्या अख्खी बघून रडायलाच लागली. तू माझ्यावर गेलीस, माझ्या माहेरावर गेलीस, असं म्हणत तिने माझ्या केसांतला काथ्या वेचला. बाबा पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आले, त्या धडधाकट सोफ्याकडे पाहिलं आणि हं म्हणाले. त्यांना वाईट वाटलं की बरं, ते मला कळलं नाही. मला स्वतःलाही काय वाटलं ते सांगता येणार नाही. लांडग्याची मला कधी भीती नव्हती, घरातलाच होता तो. पण मग मला झालं होतं काय?

कारण लक्षणं गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी काचवाली दुकानात आली आणि माझी छाती मशीनपेक्षा मोठ्याने वाजायला लागली. ही काचवाली म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या आरशांच्या दुकानात काम करते ती. माझ्याहून थोडी मोठी. म्हातारे मालक आता नुसते खुर्चीत बसतात आणि दुकान हीच बघते. आरसे बांधून पाठवायला फोमचे तुकडे लागतात, ते न्यायला ती गेले काही महिने आमच्याकडे यायची. बाबा तुकडे फुकट देतात, कचराच तो आमचा. तिच्या कानामागे पेन्सिल, बोटांना कायम पट्ट्या, कारण काच कुणाचीच नसते असं ती म्हणते, आणि अंगाला रॉकेलचा वास, कारण काच कापायच्या कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवावं लागतं. मला रॉकेलचा वास कधीच आवडायचा नाही. आता रस्त्यात कुणाचा स्टोव्ह पेटला तरी मी वळून बघते. माझ्या बाहीला नेहमी टाचण्या खोचलेल्या असतात, म्हणून ती मला टाचणी म्हणते. घरात मी खारूताई, तिच्याकडे टाचणी. भारदस्त म्हणून काही माझ्या नशिबातच नाही.

हळूहळू मी हिशेब लावला. ती यायची त्या दिवशी मी जेवायचे, यायची नाही त्या दिवशी ताट तसंच. तिची चप्पल मला गल्लीच्या टोकापासून ऐकू यायची, बाकी कुणाची नाही. आकाशात चंद्र असो की नसो, या लक्षणांना त्याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. एकदा मीच तुकड्यांचं गाठोडं घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला काच कापायला शिकवलं. काच कापायची नसते, म्हणाली, एकच रेघ मारायची, मन घट्ट करून, आणि एकदा मारली की परत त्यावरून फिरायचं नाही. मग दोन्हीकडून हलकेच दाबायचं. रेघ सरळ यावी म्हणून तिने मागून माझी मनगटं धरली. काच अगदी सरळ तुटली. मी घरी आले आणि विनाकारण रडले, आणि आईने माझा ताप बघितला. आत्या, माझं तिच्यावर प्रेम जडलं होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या घरात लांडगा झालीस तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ आहे, गाऊन कुठे आहे तेसुद्धा. पण हे झालं तर काय करायचं, याची काहीच तयारी नाही. आई म्हणते तशी मी तिच्या माहेरावर गेले असेन, तर तिच्या माहेरी तरी हे कुणाला झालं होतं का, असं तिला विचारावं असं फार वाटायचं, आणि मी मुकाट्याने ताट घासायला उठायचे.

पुढची पौर्णिमा आली तेव्हा माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. मी तर आईच्या माहेरची! आई बाबांच्या मागे होती आणि मी काचवालीकडे गेले. एका नाचाच्या शाळेसाठी भिंतभर आरसे तयार झाले होते, ते बघायला तिने बोलावलं होतं. दिवसभर माझी मान तापलेली, छातीत धडधड, पोटात अन्नाचा कण नाही, आणि हे सगळं मी तिच्या खात्यावर मांडून मोकळी. तिने मला दुकानाच्या मागच्या भागात नेलं आणि एक पडदा सरकवला. आत आमच्या फोमच्या तुकड्यांचा ढीग, थेट छतापर्यंत. एवढे आरसे सबंध शहरात विकले जात नाहीत, म्हणाली. हे ती मला नाही, समोरच्या आरशातल्या मला म्हणाली, कारण तिलाही माझ्याकडे थेट बघायचा धीर होत नव्हता. मग तिने माझा हात हातात घेतला. खिडकीबाहेर अजून उजेड होता, समोरच्या इमारतीमागून चंद्र वर येत होता, आणि मला वाटलं, काय सुंदर चंद्र आहे. आपल्या घराण्यात असा मूर्खपणा कुणी केला नसेल. मानेची आग खांद्यांत उतरली, हात जमिनीला टेकले, आणि तेव्हाही मी मनात म्हणतच होते, की प्रेमात माणसाचं असंच होत असणार.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. समोरच्या भिंतीत करड्या रंगाची कितीतरी जनावरं होती आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. मी घाबरून त्यांच्यावर झेप घेतली. काच फुटली. काचवालीचा आवाज, अगदी सावकाश, काहीतरी समजावत असल्यासारखा. तोंडात रक्ताची चव. सकाळी जाग आली ती त्या फोमच्या ढिगावर, अंगावर तिचा कामाचा जाड कोट. ती खाली बसून काचा झाडत होती. माझा ओठ फाटला होता. आणि तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती. तिने चहा पुढे केला आणि विचारलं, की हे नेहमीचं आहे का. मी म्हटलं, पहिल्यांदाच. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी आरसे आधी झाकून ठेवते. आत्या, ‘पुढच्या वेळी’ या शब्दांवर मी इतकी रडले, की चहा गार झाला. मग मी तिला सगळं सांगितलं, आजोबा, बाबा, तू, गोदाम, आणि दात लागला तर काय होतं तेही. तिने शांतपणे ऐकलं. पट्टीकडे बोट दाखवलं तर म्हणाली, काच लागली. काचवालीला काच लागली, यात नवल ते काय? घरी मी एवढंच सांगितलं, की आरशांच्या कामात रात्र झाली म्हणून तिच्याकडेच थांबले आणि ओठाला काच लागली.

ती पट्टी तिने अजून मला सोडून दाखवलेली नाही. खरंच काच असेल. किंवा मला अपराधी वाटू नये म्हणून ती लपवत असेल. माझं नाक आता एवढं तिखट आहे, की गिऱ्हाइकाने सोफ्यावर तीन वर्षांपूर्वी काय सांडलं ते मी सांगू शकते. पण तिच्याजवळ गेलं की मला फक्त रॉकेल आणि ती एवढंच कळतं. आणि गेल्या आठवड्यापासून ती जेवणाचा डबा तसाच परत नेते. मी गल्लीच्या टोकाला असतानाच आतून टाचणी म्हणून हाक मारते. परवा एका गिऱ्हाइकावर चिडून हातातली काच तिने जमिनीवर आपटली आणि मग स्वतःच रडत बसली. मी भीतभीत विचारलं तर हसली. वेडे, म्हणाली, हे सगळं तुझ्यामुळे आहे. तेच तर, तेच तर मला कळत नाहीये, की माझ्यामुळे म्हणजे कशामुळे! माझी लक्षणं बघून सगळं घर फसलं, मीही फसले. आता तिची बघून मी काय ओळखणार?

याहून वाईट एक आहे, ते फक्त तुला सांगते. आजोबांचा नियम, की आपले दात ज्याला बाधले तो आपल्या घरचा. त्याला आसरा द्यायचाच. म्हणजे तो चावाच असेल, तर मी तिला हाताला धरून घरी आणू शकते, आई तिच्यासाठी गाऊन काढेल, बाबा सोफा बघतील, आणि ती कोण हे सांगायची मला गरजच पडणार नाही. आत्या, कधीकधी मी तो चावाच असू दे अशी इच्छा करते. तिच्या हाडांना, तिच्या हातांना, तिच्या सगळ्या आयुष्याला ते लागू दे अशी! आणि मग माझीच मला किळस येते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाटतं.

तुझ्याबद्दल घरात एकच सांगितलं जायचं, की तुला आपलं हे जनावरपण सोसलं नाही म्हणून तू गेलीस. मी ते खरं धरून चालले होते. पण काथ्याच्या खोलीत त्या सोफ्यावर बसले असताना किती लाड झाले माझे, ते आठवलं, आणि विचार केला, की या घरात लांडगा झाला म्हणून कुणाला कुणी जाऊ कसं दिलं असेल? परवा आई बाजारात गेल्याचं बघून मी बाबांना तुझा पत्ता मागितला. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कुठे शोधलाही नाही. घर, मजला, रस्ता, सगळं तोंडपाठ सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मग म्हणाले, तुझ्या बाहीला महिनोन्‌महिने रॉकेलचा वास येतोय, आणि त्या पौर्णिमेनंतर लांडग्याचाही आला, मला काय नाक नाही? मी बाही मागे दुमडली. ते म्हणाले, आत्याला विचारून उपयोग नाही, तिच्या घरी जी आहे तिला विचार. ती पहिल्यांदा आपल्या दारात आली तेव्हा तिचाही हात असाच बांधलेला होता. आजोबांनी तिला नियमाप्रमाणे गोदामात जागा दिली. पण आत्या, ती तुझी कोण हे तू सांगितलंस, तेव्हा तिला घरात घेतलं नाही. मग तुम्ही दोघी गेलात, आणि बाबा काहीच बोलले नाहीत. हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. आता ते आईशी बोलणार आहेत म्हणतात. कधी, ते त्यांनाही माहीत नाही.

तर पत्रास कारण की, हे पत्र तुझ्यासाठी नाहीच. राग मानू नकोस, पण वाचून झालं की तिच्या हातात दे. आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात, तिला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मी तिलाही आत्याच म्हणणार आहे. तिला विचार, की हात बांधलेला होता त्या पहिल्या महिन्यात तिला कसं कळलं, की जेवण जात नाही ते कशाने? तू कधी तिला पट्टी सोडायला लावलीस का? आणि तिला हेही विचार, की तो हात धडधाकट असता, कुठलाच नियम तिला कुणाच्या दारात आणत नसता, तरी ती तुझ्याबरोबर गेली असती का? जे असेल ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहावं. नाही असेल तर नाही लिहावं. पौर्णिमेला अजून थोडा अवकाश आहे. मी ते उत्तर आधी उघडणार नाही, काचवालीच्या हातात देणार आहे, कारण आजवर जे काही झालं त्यात तिला कुणीच काही विचारलेलं नाही. ते वाचून तिला माझ्यापासून दूर जावंसं वाटलं, तर मी तिला अडवणार नाही. फक्त पौर्णिमेच्या त्या एका रात्री ती एकटी पडायला नको, तेवढी तुम्ही दोघी तिच्याजवळ थांबाल का? आणि तिला माझ्याबरोबर यावंसं वाटलं, तर आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ, पुढच्या दाराने.

तुझीच, आणि त्या आत्याला चालत असेल तर तिचीही,
खारूताई